खराब झालीस

आमच्याकडे सांगली-साताऱ्यात माणूस वाळला की तो 'खराब झाला' म्हणतात आणि जाड झाला की त्याची 'तब्येत सुधारली' म्हणतात. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यात आणि आईत जे बिनसलं ते या एका शब्दावरून.

माझी तब्येत जन्मापासून सुधारलेलीच होती. आईच्या माहेरच्या सगळ्या बायका अशाच. मनगटं जाड, दंड जाड, चाळिशीत गुडघे गेलेले आणि पन्नाशीत साखर. आजी, आई आणि मावशी ओळीने बसल्या की फोटोग्राफरला चार पावलं मागे सरकावं लागे. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. आई म्हणायची, "आपलं हाडच मोठं हाय." हाडाचा आणि चरबीचा काय संबंध, हे विचारायची अक्कल मला आली तोवर मीही त्या ओळीत जाऊन बसले होते.

लग्न होऊन साताऱ्याला आले, शाळेत शिकवू लागले. चव्वेचाळिसाव्या वर्षी अशी वेळ आली की एक जिना चढून वर्गात गेलं की हजेरी घ्यायला आवाज उरत नसे. मुलं गप्प बसून वाट बघायची. त्यांचं ते शहाण्यासारखं गप्प बसणं मला फार लागायचं. शेवटी डॉक्टरांकडे गेले. वजन एक्याण्णव, साखर काठावर. "घरात कुणाला आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणाला नाही ते विचारा." ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या रक्तातच आहे हे. दुसऱ्याला जिथे एक पायरी, तिथे तुम्हाला तीन. पण चढता येतं. उपास नकोत, पावडरी नकोत. भाकरी, भाजी, डाळ, ताक वेळेवर खा. दोन घास कमी खाऊन उठा आणि रोज चाला." बाहेर आल्यावर मला त्यांचा रागच आला. इतरांना एक आणि मलाच तीन पायऱ्या का, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

तरी चालले. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने. पहिले पंधरा दिवस पहिल्याच वळणावर कठड्यावर बसून राहायचे. सत्तरीतले काटकुळे आजोबा "चला, चला बाई" म्हणत पुढे निघून जायचे आणि मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलायचे. शाळेत कुणाचाही वाढदिवस आला की पेढ्यांचा बॉक्स फिरायचा आणि मी तो पुढे सरकवला की सगळ्यांना माझ्या आरोग्यावर चर्चा करायची मुभा मिळायची. सहा महिन्यांत पाच किलो उतरले. मग तीन महिने काटा हललाच नाही. तेच खाणं, तेच चालणं, पण काटा आपला ढिम्म. त्या तीन महिन्यांत मी न्हाणीघरात नळ सोडून किती वेळा रडले, ते फक्त मला ठाऊक. पुढे पुन्हा हळूहळू उतरायला लागलं. दीड वर्षात तेरा किलो गेले.

त्या दिवाळीला सांगलीला निघाले तेव्हा मला एकच हवं होतं, आईने बघावं. सगळ्या ब्लाउजना दोन्ही बाजूंनी टिपा मारून घेतल्या होत्या. बसमध्ये मी उगाचच खिडकीच्या काचेत स्वतःला बघत होते.

आई पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसली होती. त्या खुर्चीतून उठायला तिला दोन्ही हात टेकून तीनदा झोका घ्यावा लागायचा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "आगं बाई, किती खराब झालीस गं! तोंड बघ कसं उतरलंय. काय दुखतंय का तुला? का सासरी कोण काय बोललं?" मी काही सांगायच्या आत तिने वहिनीला हाक मारली, "आगं, हिला आधी खायला दे!" ताट आलं. करंज्या, चकल्या आणि भडंग. मी एक करंजी खाल्ली. "आणि एक घे," आई म्हणाली. "माझ्यासाठी घे. लय खराब झालीस."

दीड वर्षाचा संताप एकदम वर आला. मी ताट लोटलं. म्हटलं, "हे शरीर तूच दिलंयस मला. त्यात भर म्हणून जन्मभर चारलंस. मला नाही तुझ्यासारखं खुर्चीत बसून मरायचं."

आईने ताट जवळ ओढलं, सांडलेलं भडंग एकेक करून वेचलं आणि म्हणाली, "बरं."

मी संध्याकाळच्या गाडीने परत आले. त्यानंतर आईचा फोन आला की ती न चुकता विचारायची, "चालतीस का?" मी म्हणायचे, "हो." ती म्हणायची, "चाल." मला वाटायचं, ती टोमणा मारतेय. मीही तुटकपणे फोन ठेवायचे.

माघात वहिनीचा फोन आला. आई पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनीने मला बाजूला घेतलं. "वन्सं, सांगू नको म्हणाल्या होत्या, पण सांगते. दिवाळीपासनं त्यांनी भात सोडलाय. रोज सकाळी भिंतीला धरून गल्लीत चालायच्या. आधी दारापातुर, मग कोपऱ्यावरच्या गिरणीपातुर. दर रविवारी गिरणीतल्या धान्याच्या काट्यावर उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, आई, या वयात कशाला? तर म्हणायच्या, लेकीला दिलंय ते काय परत घेता येत न्हाई, निदान माझं तरी कमी करती." मग वहिनी डोळे पुसून म्हणाली, "दोन किलो उतरलं होतं. त्या दिवशी काटा बघून खूश झाल्या आणि उतरताना गिरणीच्या पायरीवरनं पाय सरकला. पायरीवर पीठ सांडलेलं."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई होती. तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

ऑपरेशन झालं, पण साखरेमुळे जखम भरेना. ती पुन्हा उभी राहिलीच नाही. मी दर शनिवारी शाळा सुटली की सांगलीची बस धरायचे. आणि मग, जे तिच्या घराण्यात कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं, ते घडलं. आई वाळायला लागली. दंडाची कातडी लोंबायला लागली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. बघायला येणारी माणसं तिच्यासमोरच म्हणायची, "लय खराब झाल्या हो." मला तो शब्द ऐकवायचा नाही. मी उठून मागच्या दारी जायचे.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी मी तिचं अंग पुसत होते. एका हाताने तिला कुशीवर वळवता येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "आता तरी झाले का गं खराब?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. परीक्षेत पास झाले का, असं विचारावं तसं.

माझ्या तोंडून "हो" एवढंच निघालं.

"मग झालं की. दोघींत एक झाली खराब, बास. तू आता पोटभर जेव."

वहिनीने ताट आणलं. मी आईच्या खाटेजवळ बसून दोन पोळ्या खाल्ल्या, वर आमटी-भात खाल्ला, साजूक तूप घेतलं. मी जेवते आहे याकडे ती डोळे लावून होती. आणखी एक पोळी वाढायला तिने वहिनीला डोळ्यांनी खुणावलं आणि मी तीही खाल्ली. पुढच्या गुरुवारी ती गेली.

उतरलेल्या तेरांतले सात किलो आता परत आलेत. डॉक्टर म्हणतात, तुमच्या प्रकृतीचं असंच असतं, पुन्हा सुरुवात करा. केलीय. भाकरी मोजून खाते, रोज सकाळी रस्त्याला लागते. बहुतेक दिवशी पहिल्या वळणावरच्या कठड्यावर बसून परत येते. दुःखाने माणूस वाळतो म्हणतात. मला तेवढंही जमलं नाही.

परवा शाळेतल्या शिपाईबाई जिन्यात भेटल्या. कौतुकाने म्हणाल्या, "बाई, तब्येत सुधारली तुमची."

मी हो म्हटलं आणि कठड्याला धरून वर्गाकडे निघाले. खराब झालीस म्हणून मला जेवायला वाढणारं आता कुणी राहिलेलं नाही.