ए यावल, परत म्हण

"नमस्कार. जयगाव जिल्ह्यातल्या ठयक..."

"कट."

एवढंच. बातमी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती. सर खुर्चीतून उठले, कॅमेऱ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि हॉलमधल्या सगळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठला जिल्हा म्हणाली ही?"

सगळे हसले. दिवे माझ्या डोळ्यांवर होते, त्यामुळे हसणारे दिसत नव्हते. नुसतं हसू ऐकू येत होतं.

"ए यावल, परत म्हण. जळगाव. जीभ मागे वळव, टाळूला लाव."

"जयगाव."

"परत."

"जय..."

"तुमच्याकडे जीभ नुसती केळी खायला असते का गं? काय खायला? म्हण."

"केयी," मी म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. कॅमेरा चालूच होता. समोरच्या मॉनिटरवर मला माझं तोंड दिसत होतं. पावडर घामाने ओघळलेली. स्वतःचा अपमान होत असताना स्वतःलाच बघायचं. टीव्हीच्या धंद्यात ही सोय असते.

मी यावल तालुक्यातली. आई-बाप दुसऱ्यांच्या बागेत केळीचे घड कापतात, वाहतात. आमच्याकडे ळ नाही. डोळा नाही, डोया. काळा नाही, काया. आमच्यात ते कुणाला कधी खटकलं नाही. जळगावातल्या एका वाहिनीने निवेदकांचं प्रशिक्षण काढलं तेव्हा मी अर्ज केला. शेवटी चाचणी होती, आणि त्यातून एकच मुलगी संध्याकाळच्या बातम्यांना बसणार होती. ती मुलगी मला व्हायचं होतं. हौस म्हणून नाही. नाही झाले तर परत जायचं होतं, आणि मामाने आणलेल्या स्थळाला हो म्हणायचं होतं. बापाने तसं साफ सांगितलं होतं. आईने मात्र सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की माझी पोरगी टीव्हीत दिसणार.

सर पुण्याहून यायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. बाकीच्या मुलींना नावं होती, मला तालुका होता.

शिकवायचे चांगलं, हे नाकारत नाही. भिंगात बघायचं, भिंगापलीकडे एकच माणूस बसलाय असं समजून बोलायचं. समोरच्या पडद्यावर सरकणारा मजकूर वाचताना बुबुळं हलू द्यायची नाहीत. श्वास वाक्याच्या आधी घ्यायचा, मध्ये नाही. हात टेबलावर, खांदे खाली. हे सगळं मला पटकन जमलं. सर एकदा म्हणालेसुद्धा, "चेहरा चालतो, नजर चालते. पण तोंड उघडलं की केळीची बाग दिसते."

मग मी त्या ळ च्या मागे लागले. दातांत पेन्सिल धरून बोलायचे. कळ, बळ, जळ, फळ. खोलीवर आरशासमोर, बाथरूममध्ये, यावलच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून. बाजूची बाई मला वेडी समजून सरकून बसायची. जीभ सोलवटली, जेवताना तिखट लागायचं नाही, झोंबायचं. घरी गेले की गप्प बसायचे, कारण घरी बोललं की सगळी मेहनत पाण्यात. आई विचारायची, "तोंडात काही झालं का व?" मी मान हलवायचे. घरात मुकी आणि हॉलमध्ये हसू. मला खरंच कळेना, आता बोलायचं कुठे?

त्या पहिल्या दिवसाचं चित्रण कुणीतरी कापून, मागे ढोलकी लावून ग्रुपवर टाकलं. केयी, केयी, केयी. सरांनी त्यावर हसणारा चेहरा पाठवला. आमचा कॅमेरामन धुळ्याचा होता. चहाच्या टपरीवर तो हळूच म्हणाला, "हासू दे त्यास्ले. बठ्ठा आठलाज शेतस." सगळे इथलेच आहेत, हसणारेसुद्धा. खरं होतं ते. पण टपरीवरून आत गेला की तोही "नमस्कार मॅडम, माइक नीट आहे ना" असं बोलायचा. त्याला दोष देत नाही. त्यालाही पोट आहे.

चाचणीच्या आधी ळ आला. अगदी खणखणीत आला. जळगाव, केळी, ठळक, वादळ. मी खोलीत एकटीच नाचले. पण तो आला तो थांबेना. जिथे नको तिथेही, य च्या जागी, यायला लागला. टपरीवाल्याला विचारलं, "काळ झालं?" तो बघतच राहिला. मला वाटलं थकवा असेल.

मग आईला फोन लावला. आनंदाची गोष्ट सांगायला.

"माळ, जेवलीस का?"

 मग आई म्हणाली, "कोन बोलते?"

"मी."

"तू व्हय? मले वाटलं दुसऱ्याच कोनाचा फोन लागला. आशी काय म्हनती व? माय म्हन ना."

मी म्हणायला गेले. जीभ आपोआप मागे वळली. पुन्हा माळ. माझ्या तोंडातून माझी माय गेली होती. मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसून रडले. लाज वाटली, संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ही चाचणी पास झाले तर माझं काय उरेल?

चाचणीला वाहिनीचे मालक आले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माझ्या आधी एका डाळमिलवाल्यांची मुलगी बसली. इंग्रजी शाळेतली. तिने वाचलं, "जिल्ह्यात पिन्याच्या पान्याची टंचाई."

पानी. आमच्यासारखंच. मी सरांकडे बघितलं. सर मालकांना म्हणाले, "ण थोडा मऊ आहे, पण चालतं. फ्रेश वाटतं."

मग मी. पाणी म्हणाले. केळी म्हणाले. जळगाव म्हणाले. बुबुळ हललं नाही. आणि शेवटच्या बातमीत, जखमींना कुठे नेलं ते सांगताना, "जिल्हा रुग्णालळात."

पुन्हा तेच हसू. मालकही हसले. सर म्हणाले, "भाऊ, चेहरा वाया घालवायचा नसेल तर हिला हवामानाला ठेवू. आवाज बंद करून."

आवाज बंद करून.  त्याच क्षणी डोक्यात लख्ख झालं. दोष जिभेत नव्हताच. तेच पानी मिलवाल्याच्या पोरीच्या तोंडात फ्रेश होतं आणि माझ्या आईच्या तोंडात गावठी. मी मरेपर्यंत पेन्सिल चावली असती तरी यांना काहीतरी सापडलंच असतं. कारण यांना ळ नको होता. यांना मी नको होते.

"सर, तिचं पानी चाललं. माझं कामून नाही?"

"उठ. पुढचीला बसू दे."

मी उठले नाही. श्वास वाक्याच्या आधी घेतला, तसाच, शिकवला तसा. भिंगात बघितलं. जीभ या वेळी मागे वळली नाही. "नमस्कार. जयगाव जिल्ह्यातल्या ठयक बातम्या."

सरांनी समोरचा मजकूर बंद करायला लावला. पाण्याची बातमी मला पाठ होती, आमच्याकडे ती दरवर्षी तीच असते. मी सांगितली. पिन्याचं पानी नाही, बाया सकायपासून हंडे घेऊन उभ्या आहेत. केयीच्या बागा सुकल्या. सर ओरडत होते. मला ऐकू येत होतं, पण मी भिंगापलीकडच्या माणसाशी बोलत होते. दिवे घालवले. मी अंधारात शेवटची बातमी संपवली आणि मग माइक काढून टेबलावर ठेवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅमेरामन केबल गुंडाळत खाली बघत राहिला. संध्याकाळच्या बातम्या आता मिलवाल्यांची मुलगी देते. घरी मी अजून सांगितलेलं नाही. आई फोनवर विचारते, "तुले कव्हा दाखवतीन व?" आणि मी विचारते, माय, जेवलीस का. मामाचं स्थळ थांबलेलं आहे. बाप फोनवर येतच नाही. कधीकधी वाटतं, गप्प उठून गेले असते तर निदान हवामानात तरी दिसले असते. मग स्वतःचाच राग येतो.

धुळ्यात एक वाहिनी बातमीदार घेते आहे. मी जाणार आहे. ळ म्हणेन, तो मी कमावलाय, कुणी दिलेला नाही. य म्हणेन, तो जन्माने माझा आहे. कुठे कोणता म्हणायचा ते मी ठरवीन. तिथे हसतील. हसू देत. तिथून हाकलतील, तर पुढच्या दारात जाईन. कॅमेऱ्यासमोरची खुर्ची कुणाच्या बापाची नाही, आणि आवाज बंद करून तर मी त्यात कधीच बसणार नाही.