मापाचं साहेबांशी बोलतो

धायरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांचं फर्निचर एकाच सुतार मिस्त्रींनी केलेलं. जिन्यात मी एकटी भेटले तरी ते एवढंच विचारायचे, "साहेब बरे हायत ना?" मी कशी आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

नवा मोठा फ्रिज घेतला, तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिजचा जुना खण वाढवायला तेच आले. कारागीर पक्के. फळीवर नुसता तळवा फिरवून कुठे उंचसखल आहे ते सांगत. मी फ्रिजसोबतची पुस्तिका वाचून, टेप लावून मापं काढून ठेवली होती. म्हटलं, "मागे आणि वर चार बोटं जागा सोडा. हवा खेळली नाही तर फ्रिज तापेल."

त्यांनी फळीवरचा भुसा फुंकला. "वहिनी, तुम्ही च्या टाका. मापाचं मी साहेबांशी बोलतो."

आयटी कंपनीत दहा माणसं माझ्या हाताखाली काम करतात. मी चहा टाकला नाही. मिस्त्रींनी खण फ्रिजला घट्ट बसेल असाच ठोकला.

संध्याकाळी हे आले. मी दारातच सगळं सांगितलं. ह्यांनी आत जाऊन माझंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मिस्त्रींनी मुकाट्याने फळ्या उतरवल्या आणि खण नव्याने, अगदी नेटका बसवून दिला.

निघताना ते ह्यांना म्हणाले, "साहेब, बरं झालं तुम्ही सांगितलं. आमच्या ध्यानातच आलं नसतं."

मी शेजारीच उभी होते. हे हसून म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं."