घुम्याचं उत्तर

त्याला सगळे फोटोमामा म्हणत. बाजारगल्लीत जिन्याखालच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. मागे निळा पडदा, पुढे एक स्टूल. हनुवटी वर, डोळे उघडे, झालं. सगळ्या गावाचे चेहरे त्याच्या हाताखालून गेले, पण त्याचा जीव रमायचा तो गावाबाहेरच्या पाणथळीत, चिखलात कान लावून बसण्यात.

तिथल्या पाणकणसाच्या उंच गवतात घुम्या राहायचा. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमायचा, पण कुणाच्या नजरेला म्हणून पडायचा नाही. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवत. बदली होताना परत आलेला हलकेच कुरकुरायचा, अंड्यांवर बसलेला तसंच उत्तर द्यायचा. मग मामा निश्चिंत मनाने स्टुडिओ उघडायला जायचा.

यंदा पाणकणसाच्या कापणीचा ठेका दाजींनी, म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, घेतला होता. घरट्याचा कोपरा तेवढा सोडा, म्हणून मामाने गळ घातली, घुम्याचा टिपून ठेवलेला आवाज ऐकवला. दाजी म्हणाले, असला आवाज तर जेवल्यावर माझं पोटही काढतं. पक्षी दाखवा मेव्हणे, मग बोलू.

आणि आज कोयते घेऊन माणसं आली होती. पलीकडच्या काठावर त्यांचं चहापाणी चाललं होतं.

मामाने मग तेच केलं, ज्यावरून तो इतरांना फैलावर घेत असे. गवतात लहानसा स्पीकर ठेवला आणि घुम्याचाच आवाज घुम्याला ऐकवला. आपल्या घरात दुसरा नर शिरला असं त्याला वाटतं. पाणकणीस हललं. मान ताणून, पिसं फुलवून घुम्या उघड्यावर आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो फोटो मिळाला, आणि त्याच क्षणी मामाच्या लक्षात आलं. उबवायची पाळी याची होती. अंडी उघडी पडली होती.

स्पीकर बंद केला तरी घुम्या परतेना. नसलेल्या शत्रूला शोधत तो काठाकाठाने लांब गेला. वर एक घार गिरक्या घेऊ लागली. तिला हुसकायला आत शिरावं, तर तुडवलेल्या वाटेने कुत्री घरट्यापर्यंत पोचणार, आणि माणसाची चाहूल लागली की पक्षी कायमचा घरटं सोडणार. मामा हात बांधल्यासारखा बसून राहिला. घरटं दिसत नव्हतं. भरवसा होता तो कानांवर, आणि कानात स्वतःच्याच छातीचे ठोके वाजत होते.

घार एकदा खाली झेपावली. पाणकणसाआड गेली, वर आली. पायांत काही होतं की नव्हतं, ते उन्हात कळलं नाही.

दाजी बांधावरून आले. मामाने कॅमेरा पुढे केला. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

“गडी चिडलाय चांगलाच.”

“घाबरलाय, दाजी. मी घाबरवलंय त्याला.”

दाजींनी पलीकडे हात करून माणसांना लांबच्या टोकाकडून सुरुवात करायला सांगितलं. हा कोपरा राहिला, म्हणाले. आता उठा, तुमची ताई जेवायला थांबलीये. मामा उठला नाही. घरटंच गेलं असेल तर कोपरा ठेवून काय करायचं, एवढंच पुटपुटला.

दाजींनी काय झालं ते विचारून घेतलं. मग चपला काढल्या आणि मामाशेजारी ओल्यात बसले. टोमणा नाही, खोकला नाही. ऊन डोक्यावर आलं.

कुठूनशी बारीक कुरकुर आली.

“हाच का?” दाजी कुजबुजले.

मामाने बोट वर केलं. “परत आलेला विचारतोय. अंड्यांवरून उत्तर यायला हवं.”

उत्तर येईना. वाऱ्याने पाणकणीस सळसळलं तसा मामाने डोळे मिटले. पुन्हा कुरकुर झाली, जरा घाईची. मग अगदी खालून, जमिनीलगत, तसाच आवाज उमटला.

मामाने तोंडावर हात दाबून धरला. दाजी हळूच उठले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच बांधाकडे निघाले.