देवाजीभाऊंची बंद केलेली फाइल

देवाजीभाऊंनी तोंड उघडलं आणि खर्र्याचा वास थेट माझ्या नाकात शिरला. माझ्या हातात टॉर्च होता. त्यांच्या मागे भिंतीवर आमच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर हेच देवाजीभाऊ शाल पांघरून हसत होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी खर्रा सोडला, तुम्हीही सोडा.'

"कधीपासून सुरू केला?"

"पंधरा दिस झाले जी."

"काऊन?"

त्यांनी रुमालाने ओठ पुसले. मग म्हणाले, "फाइल खोला ना माझी."

मी चंद्रपुरात पुरुषांच्या आरोग्य कार्यक्रमात काउन्सेलर आहे. वस्तीवस्तीत टेबल मांडायचं, बीपी, शुगर आणि तोंड तपासायचं, आणि ज्याला गरज आहे त्याला ओपीडीत बोलवायचं. बाई दुखलं की कशीबशी दवाखान्यात येते. पुरुषाला आणावं लागतं. "मले काय झालं?" एवढंच तो म्हणतो, बाकीचं सगळं त्याची बायको सांगते.

आमच्या भागात खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं मिश्रण. वर्षानुवर्षं खाल्लं की गालाचं आतलं कातडं आखडतं आणि तोंड उघडेनासं होतं. म्हणून आमची पहिली परीक्षा फार साधी असते. आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायची. देवाजीभाऊंची पहिल्या दिवशी दोनच गेली. शिवाय डाव्या गालात पांढरा चट्टा होता. आमच्या डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या, "सध्या लक्ष ठेवू. पण खर्रा आजपासून बंद."

देवाजीभाऊ कोळसा खाणीत पंप ऑपरेटर होते. रिटायर झाले आणि वर्षभरात बायको वारली. मुलगा हैदराबादला. मी त्यांना आमचं पत्रक वाचून दाखवलं. त्यात एक ओळ आहे, 'खर्रा खाणाऱ्यांची संगत टाळा.' ही ओळ मी कितीतरी लोकांना वाचून दाखवली आहे. ती कोणी पाळत नाही, आणि पाळणार नाही हे मलाही माहीत असतं. देवाजीभाऊंनी पाळली. खाणीत जन्म गेलेला माणूस. सेफ्टीची सूचना म्हणजे सूचना.

त्यानंतर दर मंगळवारी ओपीडीत पहिला नंबर त्यांचा. जबडा सैल करायला आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या असतात, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. ते काड्या रुमालात बांधून आणायचे. तपासणी झाली तरी अर्धा तास बाकावर बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "तुमाले काय होते जी?" मला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे! सहा महिन्यांत तिसरं बोट आत जाऊ लागलं. आमच्या सरांनी कार्यक्रम घेऊन शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला.

पुढच्याच आठवड्यात सर म्हणाले, "ही केस क्लोज करा. रिपोर्टमध्ये 'क्विट' दाखवा, खर्रा सुटला."

क्लोज करणं म्हणजे मंगळवार बंद, आणि पुढची तपासणी एकदम सहा महिन्यांनी. मी देवाजीभाऊंना सांगितलं.

"मंजे आता याचं नाई?"

"यायची गरजच नाही भाऊ! जिंकलात तुम्ही." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. आता आठवलं की ती थाप माझ्याच गालावर बसते.

तर आता तेच देवाजीभाऊ समोर बसले होते आणि मी चिडलो होतो. "सहा महिन्यांची मेहनत मातीत घातली तुम्ही," मी म्हणालो.

"रागावू नका जी. मंगळवार बंद झाला तं मी पानठेल्यावर गेलो. मानसं थेच होती. पन थे म्हनत, याले नोका देऊ, याचा फोटो लागला हाय."

पानठेल्यावरचा रिवाज असा की एकाची पुडी सुटली की चार तळहात पुढे येतात. खर्रा हातावरून हातावर जातो आणि त्याच्यासोबत गप्पा जातात. कोणाचं धान निघालं, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं तिथेच कळतं. ज्याचा हात पुढे येत नाही, त्याला तिथे उभं राहायला कारणच उरत नाही.

"घरी याचो," देवाजीभाऊ म्हणाले. "आठ-आठ दिस कोनाशी बोललो नाई. टीव्ही बोलते, पन थो माझ्याशी थोडीच बोलते? मंग म्हनलं, खर्रा सुरू केला तं तुमी फाइल खोलान."

खरं तर हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. मी नागभीडचा. बायको तिथल्या शाळेत शिकवते आणि मी अकरा वर्षं चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. मी ठेल्याजवळून गेलो की लोक तोंडातलं थुंकतात, चूळ भरतात आणि अदबीनं नमस्कार करतात. बसा म्हणत नाहीत. त्या नमस्काराची मला कधीकधी चीड येते.

मॅडमनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ गाल पाहिला. "चट्ट्याच्या कडेला लाल झालंय. हे पंधरा दिवसांच्या खर्र्यानं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. बायोप्सी केली, म्हणजे छोटा तुकडा काढून लॅबला पाठवला. रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा.

पुढची तपासणी पाच महिन्यांवर होती. देवाजीभाऊ आमचं ऐकून गुपचूप घरी बसले असते, तर आम्हाला कळलंच नसतं. खर्रा खाल्ला म्हणून ते आले आणि आले म्हणून सापडलं. ही गोष्ट मी कोणत्या रिपोर्टमध्ये लिहू?

ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं. देवाजीभाऊ नाही म्हणाले.

"तोंड वाचवून काय करू जी? बोलाले तोंड लागते, हाव. पन बोलाले मानूस कुठी हाय?"

आमच्या ट्रेनिंगमध्ये अशा वेळी काय म्हणायचं याची यादी दिली होती. मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "मंगळवारी मी येईन. तुमच्या घरी."

"ऑपरेशन झाल्यावर बी?"

"झाल्यावर बी."

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मंग चला."

नागपूरच्या हॉस्पिटलात संमतीच्या कागदावर नातेवाईकाची सही हवी होती. मुलगा वाटेत होता, संध्याकाळपर्यंत पोचणार होता. खिडकीवरच्या क्लार्कने मला विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

काउन्सेलर म्हणालो असतो तर त्याने दुसरा माणूस आणा म्हटलं असतं. मागून देवाजीभाऊ म्हणाले, "हे मले मंगळवारी भेटतेत."

क्लार्कने मान वर न करता नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. सही करताना माझे डोळे भरून आले. अकरा वर्षांत मला चंद्रपुरात कोणी तसं म्हटलं नव्हतं, आणि मीही कोणाला म्हटलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. देवाजीभाऊंचा डावा गाल आत गेला आहे, बोलणं जड झालं आहे. खर्रा बंद आहे. मंगळवारी मी जातो, ते सावकाश बोलतात आणि मी ऐकतो. अर्ध्या गोष्टी मला दोनदा विचाराव्या लागतात.

सर अजून महिन्याच्या मीटिंगमध्ये विचारतात, "ती केस क्लोज कधी होणार?"

"नाही होणार सर."

"मग दाखवू कशात?"

"दाखवू नका."

आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, 'दिवसातून किती वेळा खाता?' मी हल्ली त्याखाली पेनने आणखी एक लिहितो, 'कोणासोबत?' लोक या प्रश्नाचं उत्तर फार वेळ देतात. सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना नाही, त्यामुळे ते वर कुठे पोचत नाही.