फिका पिवळा रंग

मी लेखिका नाही. तपासणीच्या अहवालांपलीकडे आयुष्यात काही लिहिलं नाही. साठीला टेकल्यावर आपला वेळ मागते आहे, हा आगाऊपणा पोटात घाला. जे सांगणार आहे ते घरातसुद्धा — कुणालाही — सांगितलेलं नाही.

शिरूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते, राहायला दौंडला. शरीरात संसर्ग भडकला की रोगप्रतिकारक पेशी रक्तात एक प्रथिन सोडतात. ते मोजण्याचं किट आमच्याकडे असे. प्लेटच्या खळग्यांत रक्तातलं पाणी घालायचं, शेवटी पिवळा रंग येतो — जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. हे किट दौंडच्या विक्रेत्याकडे उतरे आणि मी ते बर्फाच्या डब्यातून एसटीने शिरूरला नेई. थंडावा मोडू द्यायचा नाही, एवढीच अट.

मे महिन्यातल्या एका सकाळी तो डबा घेऊन मी साडीच्या दुकानात शिरले. भाचीचा साखरपुडा होता. डबा दाराशी, उन्हात. किती वेळ? — मी घड्याळ पाहिलंच नाही. प्रयोगशाळेच्या सरांचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, एसटी पंक्चर झाली. त्यांनी विचारलं, बर्फ शाबूत आहे ना? डबा न उघडताच मी हो म्हणाले. शिरूरला उघडला, तर आत कोमट पाणी. दिलेला शब्द फिरवण्याचं धैर्य मला झालं नाही.

त्याच दुपारी मांडवगण फराट्याचे एक आप्पा आले, तापाने फणफणलेले, सोबत सून. आप्पांची हयात मेंढरांमागे गेलेली. सुई पाहून म्हणाले, "म्याडम, घ्या रगात, पर थोडं माघारी ठिवा. मेंढरास्नी हाळी द्याया लागंल." सून लटकं रागावली, "आप्पा, गप बसा की वाईच."

प्रत्येक खेपेला, ज्यांतलं प्रमाण आधीच ठाऊक असतं असे नमुनेही लावायचे असतात. त्यांचा रंग ठरल्याप्रमाणे आला, तरच किट चांगलं. त्या दिवशी तेही फिके आले. म्हणजे किट मेलं होतं — मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. मी मागच्या महिन्याच्या चांगल्या किटचा, रंगावरून प्रमाण सांगणारा आलेख काढला, त्यावर आप्पांचा फिका रंग मोजला आणि आकडा लिहिला. सामान्य. खाली सही केली.

तो आकडा पाहून डॉक्टरांनी गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवलं. पाचव्या दिवशी आप्पा गेले. संसर्ग रक्तात पसरला होता.

महिन्याभराने सून आली. कागद पुढे धरून म्हणाली, "म्याडम, रिपोट चांगला हुता न्हवं? ताप वाढला तवा ह्यो बघूनच मी दोन दिस थांबले. आधी आणलं असतं तर..."

मी म्हणाले, "हो. रिपोर्ट चांगला होता."

तिने मान हलवली. कागदाची घडी केली, पदराच्या टोकात बांधली.

याला सहा वर्षं झाली. बाजारच्या दिवशी ती शिरूरला भेटते, ओळखीचं हसते. ते दोन दिवस ती अजून स्वतःच्या माथी घेऊन आहे. ते माझे आहेत. तिच्या घराची वाट मला माहीत आहे, एसटीची वेळही.

तुम्हाला हे सारं सांगितलं — मग तिला का नाही?