कुंकू नसलेला सुरा

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, पण खंडेनवमीच्या त्या दुपारचा विषय निघाला की आजही मी खुर्चीत पुढे सरकून बसतो.

बीड जिल्ह्यात फौजदार होतो. गावोगाव पिवळे एसटीडी बूथ नुकतेच लागले होते. ठाण्यात रायफलींची पूजा मांडलेली, हवालदार नारळ फोडायच्या बेतात, तेवढ्यात फोन खणखणला. तेलगावकडच्या एका गावातला किराणा दुकानदार स्वतःच्याच बूथवरून बोलत होता. त्याचा चुलतभाऊ कापसाच्या शेतात रक्तबंबाळ पडला होता. गावातल्याच एका ऊसतोड मजुराने कोयत्याने मारलं, कोयता शेजारीच पडलाय, असं तो म्हणाला. नारळ तसाच ठेवून आम्ही जीप काढली.

जखमी बेशुद्ध होता, पण धुगधुगी होती. त्याला बीडला रवाना करून पंचनामा केला. रक्ताने माखलेला कोयता सापडला. बैल कापसात शिरले म्हणून त्या मजुराचं जखमीशी भर चौकात भांडण झालं होतं, हे सगळं गाव सांगत होतं. मजुराला ठाण्यात आणलं. इतकं सरळ प्रकरण हाती आलं म्हणून मी खूश होतो.

मागोमाग त्याची बायको आली. दसरा झाला की त्यांची टोळी कारखान्यावर निघणार होती. ऊसतोडीला जोडपंच लागतं, एकट्या बाईला टोळीत कुणी घेत नाही. नवरा आत राहिला तर अख्खा हंगाम बुडणार होता.

"कावून धरलं त्याला?" ती म्हणाली. "आमचा कोयता सकाळपसून पाटावर हाय. खंडेनवमीला कोण हात लावतंय त्याला? चला, दावते."

गेलो. कोयता खरोखरच पाटावर होता. हळद-कुंकू जसंच्या तसं, वर झेंडूचं फूल. पात्याची धार कानस मारमारून चकाकत होती. मग जप्त केलेला कोयता आठवला. त्याला कुंकवाचा ठिपका नव्हता. धारही नव्हती! नवा कोयता मजूर स्वतः कानशीने घासून धारेवर आणतात. हा तर दोरासुद्धा कापू शकला नसता.

ठाण्यात परतून बीडच्या डॉक्टरांना फोन लावला. पोटात एकच जखम, अरुंद आणि खोल. ऊस तोडायच्या कोयत्याचं पातं रुंद, पुढे टोक नाही. तो तोडतो, भोसकत नाही. भोसकतो तो सुरा!

नवे कोयते गावात कोण विकतं म्हणून विचारलं, तर तोच दुकानदार. जीप थेट त्याच्या दारात. कोपऱ्यात तसल्याच बिनधारेच्या कोयत्यांची जुडी उभी होती. गल्ल्याशेजारी पूजा मांडलेली: तराजू, वजनं, कात्री, गूळ कापायचा लांब सुरा. सगळ्यांना कुंकू. सुरा मात्र लख्ख.

मी आवाज चढवला नाही. एवढ्या एकालाच कुंकू कसं नाही, इतकंच विचारलं. लावायचं राहिलं असेल, तो पुटपुटला. आतून त्याची बायको सरळपणे म्हणाली, "न्हाई ओ साहेब, सकाळी मीच लावलं समद्यांला."

मग त्याने कबूल केलं. चुलतभावाशी बांधावरून जुना वाद होता; चौकातल्या भांडणाचा आळ मजुरावर जावा म्हणून दुकानातला नवा कोयता रक्तात माखून त्यानेच शेतात टाकला होता. रक्त धुताना कुंकूही धुतलं गेलं होतं. सुऱ्याच्या मुठीच्या फटीत रक्त मिळालं, आणि पुढे शुद्धीवर आल्यावर जखमीनेही त्याचंच नाव घेतलं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. हत्यार सापडलं म्हणजे गुन्हेगार सापडला, असं मी पुन्हा कधी मानलं नाही. आधी जखम बघायची, मग हत्यार, आणि माणसाकडे सगळ्यात शेवटी.

दसऱ्याच्या सकाळी मजुराला सोडलं. तो गेला नाही, दारातच घुटमळला.

"साहेब, त्यो नवा कोयता हाय न्हवं तुमच्यापाशी? त्याला कुंकू लावा. त्याचा काय गुन्हा?"

मुद्देमालाला हात लावता येत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो गेल्यावर पूजेतलं चिमूटभर कुंकू उचललं आणि मुद्देमाल ठेवतात त्या मालखान्याच्या दाराला लावलं. मग कालचा नारळ फोडला.