टाकीमागचे वीस दोरे

धावडा गावात झुंबरबाईला दूध घालायला गवळी सहजासहजी तयार होत नाही. ती आधी माप वाकवून बघते, मग दुधात बोट बुडवते आणि मग ते बोट उन्हात धरून उभी राहते.

"पाणी न्हाई मावशी, पोराची शपथ."

"मी कुठं पाणी म्हणले? तूच म्हणून राह्यला."

दुसऱ्या दिवसापासून गवळी दूध तिच्या नवऱ्याच्या, वसंताच्या हातात देतो आणि मोटारसायकल बंद न करताच निघून जातो.

घराला कुलूप लावलं की झुंबरबाई ते ओढून बघते. चार पावलं जाते, परत येऊन पुन्हा ओढते. पोळ्या टोपलीत ठेवताना मोजते, आणि वसंताच्या फोनवर बाईचा आवाज आला तर तो कंपनीच्या जाहिरातीचा आहे, हे पूर्ण ऐकल्याशिवाय मान्य करत नाही.

"चोरानं कुलूप तोडायच्या आधी तुझ्या ओढण्यानंच तुटल ते," वसंता म्हणतो.

"म्हणजे चोर येणारे, हे तुम्हाला माहीतये."

यावर वसंता चप्पल घालून पारावर जातो.

गावाला वैताग आणणारा हा स्वभाव पुंजारामच्या शेडनेटमध्ये मात्र सोन्याच्या मोलाचा. हिरव्या जाळीखालच्या त्या वीस गुंठ्यांत ढोबळी मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं, आणि ते काम बायकांच्या बोटांवर चालतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर एकेक करून उपटायचे. बाया त्यांना नुसतं 'नर' म्हणतात. एक नर आत राहिला तरी कळी आपल्याच परागावर फळते आणि बियाणं बिघडतं. सोललेल्या कळीला लाल लोकरीचा दोरा बांधायचा, दुसऱ्या सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या परागाची पावडर लावायची. पुढं ज्या फळाला दोरा, तेच बियाण्याला जातं. बिनदोऱ्याचं तोडून बांधावर.

आता एखादीनं मेहनत वाचवायला उमललेल्या फुलाला, न सोलताच, दोरा बांधला तर? फळ तसंच दिसतं. लबाडी कळते ती कंपनीच्या तपासणीत, तेव्हा सगळा हंगाम हातचा गेलेला असतो. पुंजारामचं गेल्या साली तसंच झालं. खोटे दोरे कोणी बांधले ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून त्याची बायको सुरेखा रोज दुपारी प्रत्येकीला दोनशे दोरे मोजून देते आणि उरलेले संध्याकाळी मोजून परत घेते.

या कामाला गावात क्रॉसिंग म्हणतात, आणि झुंबरबाई नऊ वर्षं क्रॉसिंगला जाते. नऊ वर्षांत तिच्या ओळीत एकही नर राहिलेला सापडला नाही, कारण सोललेली कळी ती पुन्हा बघते आणि दोरा बांधून झाल्यावर आणखी एकदा बघते. जाता जाता शेजारच्या ओळीतही डोकावते.

"बेबीनंदा, राह्यला एक."

"कुठं मावशी?"

"मी दाखवू का तू काढते?"

बेबीनंदा काढते. काढताना काय पुटपुटते ते झुंबरबाईला ऐकू येतं, पण तेही ती जमा करून ठेवते.

माघात तिचा हात थरथरायला लागला.

पहिली कळी तुटून खाली पडली तेव्हा तिला वाटलं, चिमटा कोणी तरी बदलला. घरून दुसरा आणला. मग चहावर संशय घेतला, मग बेबीनंदाच्या नजरेवर. पण छातीही धडधडायला लागली. चिमटा कळीजवळ नेला की बोटांत जणू मोबाईल वाजायचा. दिवसाला दहा, पंधरा कळ्या तुटायच्या. ती त्या ओच्यात लपवायची आणि घरी जाताना ओढ्यात टाकायची. पुंजारामला हे कळलं असतं तर क्रॉसिंगमधून खुरपणीत. गावात बारा शेडनेटं. एकानं काढलं की बाकीचे विचारणारच, काहून काढलं? खुरपणीला काय, कोणीही जातं. क्रॉसिंगची बाई म्हणून लोक घरी बोलवायला येतात.

आरोग्य उपकेंद्रात प्रियदर्शनी मॅडम बसतात. त्यांनी बीपी पाहिला. झुंबरबाईनं दुसऱ्या हाताचाही पाहायला लावला. साखर बराबर निघाली.

"मावशी, दिवसभरात कशाकशाची काळजी करता?"

"काळजी न्हाई करत. लक्ष ठेवते."

"बरं, लक्ष कशाकशावर ठेवता?"

झुंबरबाई सांगायला लागली. दूध, कुलूप, गॅसचं बटण, वसंता, बेबीनंदा, तराजूवाला, मोजणी करून गेलेला माणूस, शेजारच्या बांधावरचा दगड. मॅडमचा कागद भरला. त्यांनी उलटवला.

"आता मी सांगते ते करायचं. रोज कामाच्या आधी एकट्यानं बसायचं. श्वास हळू आत, त्याहून हळू बाहेर. असं वीस वेळा."

"गोळी?"

"आत्ता तरी नाही."

"सुई?"

"नाही."

"मंग तुम्हाला पगार कशाचा भेटतो?"

मॅडम हसल्या. "पंधरा दिवस करा आणि मग येऊन मला शिव्या द्या. थरथर कमी झाली नाही तर भोकरदनच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू."

"वीस मोजता मोजता मी दुसरंच काही मोजायला लागते."

"मग हातात काही धरा. खडे, मणी, काहीही."

मॅडमना खोटं पाडायचं, एवढ्याच विचारानं झुंबरबाईनं सुरुवात केली. शेडनेटच्या कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी आहे. बाया भाकरीनंतर आडव्या झाल्या की ती टाकीमागं जायची. नुकत्याच मिळालेल्या दोऱ्यांतले वीस डाव्या मांडीवर ठेवायची आणि एका श्वासाला एक, असे उजव्या मांडीवर न्यायची. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सहाच कळ्या तुटल्या. हवा बदलली असंल, असं तिनं ठरवलं. आठव्या दिवशी तीन तुटल्या, आणि हवा तर तीच होती.

फक्त त्या वीस दोऱ्यांचं काय करायचं? ज्यांच्यावर आपली धडधड उतरवली ते दोरे कळीला बांधायला तिचं मन होईना. हाताचं कळीत उतरलं तर? ती ते टाकीखालच्या दगडाआड सारून ठेवायची. संध्याकाळी हिशेबात वीस कमी यायचे, तेव्हा म्हणायची, "तुटले." लोकर तुटतेच. सुरेखा तेव्हा काही बोलायची नाही.

पण मोजायची.

"वहिनी," एक दिवस बेबीनंदा तिच्या कानाशी लागली, "झुंबरमावशी रोज टाकीमागं जातात."

"जाऊ दे की. बाईमाणूस आहे."

"त्याला बांधावर जातात. टाकीमागं बसून ओठ हलवतात."

"जप करत असतील."

"जपाला जांब समर्थच्या मंदिरात जातील न्हाई तर घरी करतील. टाकीमागं काहून? आन हातात आपले दोरे."

सुरेखानं हातातली परागाची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती जाळीला डोळा लावून उभी राहिली. टाकीमागं झुंबरबाई मांडी घालून बसलेली. डोळे मिटलेले. एक दोरा इकडून तिकडं, मग दुसरा. ओठ हलताहेत. कोणाच्या नावानं? झुंबरबाई दोरे दगडाआड सारून उठून गेल्यावर सुरेखानं तो दगड सरकवला. खाली लाल दोऱ्यांचा पुंजका होता. मोजले, दोनशे ऐंशी. चौदा दिवसांचे.

आणि कंपनीचे साहेब पुढच्या आठवड्यात येणार होते.

"ही साठवून राह्यली," तिनं पुंजारामला सांगितलं. "साहेबाला काम जास्त दिसावं म्हणून आदल्या दिवशी फुलाफुलाला बांधून मोकळी होईल. गेल्या सालीबी हीच होती."

"झुंबरमावशी? तिला माझ्या तोलकाट्यावर भरवसा न्हाई, ती काय लबाडी करल?"

"लबाड माणसालाच सगळे लबाड दिसतात."

पुंजारामला ते पटलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही.

दुसऱ्या दुपारी तो डब्याच्या झाकणात ते दोरे घेऊन ओळीत येऊन उभा राहिला. मागं सुरेखा. शेजारच्या ओळीत बेबीनंदा एकच कळी फार वेळ सोलत राहिली.

"मावशी, हे काय?"

झुंबरबाईनं झाकणाकडं पाहिलं. "दोरे."

"कोणाचे?"

"मला काय माहीत. सगळ्यांचे लालच आहेत."

"टाकीखाली सापडले. तुम्ही तिथं रोज जाऊन बसता."

"बसायला बंदी आहे का?"

"मावशी," सुरेखा पुढं झाली, "गेल्या साली आमचं काय झालं ते तुम्ही पाह्यलंय. तुमच्यावर गावात कोणी बोट ठेवलं न्हाई. आज मला ठेवायला लावू नका. कोणत्या फुलांना बांधणार होत्या?"

झुंबरबाईला एकदम तहान लागली. आपणच दुसऱ्याला असे प्रश्न विचारतो, हे तिच्या ध्यानात आलं आणि त्याचाही राग आला. गप्प बसलं तर लबाड ठरणार. खरं सांगितलं तर खुरपणी. तिनं चिमटा पदराला पुसला.

"हात थरथरतो माझा."

"काय?"

"माघापासून. छातीबी उडते. उपकेंद्रातल्या मॅडमनी श्वास मोजायला लावला. त्याच्यासाठी घेते दोरे. कळीला परत लावत न्हाई, मनाला येत न्हाई."

पुंजारामचा चेहरा पहिल्यापेक्षा जास्त उतरला.

"माघापासून? म्हणजे ही सगळी ओळ थरथरत्या हातानं सोललेली?"

त्यानं खिशातून भिंग काढलं. काल सोललेल्या कळ्यांवर तो वाकला. एक, दोन, दहा. सुरेखानं दुसऱ्या बाजूनं पाहिलं. चाळीस कळ्या झाल्या, आत एक नर नाही.

"हात थरथरतो आन नर एक न्हाई. हे कसं?" पुंजारामनं मान वर केली. त्याला आता चांगल्या गोष्टीचाही संशय यायला लागला होता.

"मी तीनदा पाहते. थरथरतो तो हात. डोळा न्हाई."

"माझ्यासमोर सोला."

झुंबरबाईनं कळी धरली. तिघांची नजर त्या बोटांवर. चिमटा आत शिरायच्या आधीच डोलायला लागला आणि कळी देठातून तुटली. बेबीनंदानं जिभेनं 'च्' केलं.

पुंजाराम म्हणाला, "मावशी, दोन-चार महिने खुरपणी बघा. हात बरा झाला की..."

"थांब. माझे दोरे दे."

"कशाला?"

"वीस दे, मोजून. सुरेखा, तूच मोज, तुझी खात्री होईल."

सुरेखानं मोजले. झुंबरबाई तिथंच, दोन ओळींच्या मधल्या मातीत मांडी घालून बसली. डोळे मिटले. एक दोरा उजवीकडं गेला, मग दुसरा. जाळीवर वारा सरसरत होता, ठिबकच्या नळीत पाणी टिपटिपत होतं. सातव्या दोऱ्याला तिनं एक डोळा उघडून पाहिलं, सुरेखा हसते का. सुरेखा हसत नव्हती.

"आता चुकलं. पुन्हा एकपासून," ती म्हणाली आणि सातही दोरे परत डावीकडं नेले.

पुंजारामनं घड्याळ पाहिलं, पण हलला नाही. विसावा दोरा पलीकडं गेल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कोणाकडं न बघता ओळीला लागली. पहिली कळी सोलली, दोरा बांधला. दुसरी. चौथीला बोट हललं. ती थांबली, एक लांब श्वास सोडला, सोलली. दहा कळ्यांत आठवी तुटली. नऊ राहिल्या. पुंजारामनं नऊच्या नऊ भिंगाखाली घातल्या.

"एक गेली," तो म्हणाला.

"तुझ्यासमोर गेली. बाकीच्यांच्या पाठीमागं किती जातात ते मला नको विचारू. बेबीनंदा इथंच उभी आहे."

बेबीनंदा जल्दी जल्दी पुढच्या झाडाकडं सरकली.

पुंजारामनं भिंग खिशात ठेवलं, परत काढलं. "उद्यापासून तुमचे दोरे घरून आणा. हिरवे. लाल दोरा एकबी टाकीकडं गेला न्हाई पाहिजे. ओळ तुमचीच राहील. पण आठ दिवस मी रोज पाहणार."

"पाह्य. मीबी तुझं भिंग पाहीन, पुसलेलं असतं का ते."

आठ दिवस त्यानं पाहिलं. साहेब येऊन पाहून गेले. ओळ राहिली.

वसंताचा जुना हिरवा स्वेटर उसवून झुंबरबाईनं वीस दोरे केले होते. ते ती टाकीखालच्या दगडाआड ठेवायची, एकाशेजारी एक, सगळी टोकं सारखी. साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती टाकीमागं गेली तर टोकं वरखाली. दोरे वीसच होते, पण तिचे हात असे ठेवत नाहीत. तिनं एक दोरा मुद्दाम आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सरळ झाला होता.

बेबीनंदा, हा तिचा पहिला अंदाज. म्हणून त्या दुपारी भाकरी अर्धी सोडून ती लवकर उठली आणि जाळीच्या या बाजूला उभी राहिली. टाकीमागं सुरेखा बसलेली होती. पदर डोक्यावरून घसरलेला, डोळे घट्ट मिटलेले, एक हिरवा दोरा चिमटीत. ओठ हलत होते. बाहेर पुंजाराम फोनवर कोणाला तरी विचारत होता, तपासणीचा निकाल कधी येणार.

"काय पाहून राह्यल्या मावशी?" मागून बेबीनंदानं विचारलं.

"काही न्हाई. टाकी गळते का पाहते."

दुसऱ्या दिवशी तिनं घरून आणखी वीस दोरे करून आणले. दगडाआडचे जुने वीस तसेच राहू दिले, फक्त टोकं सारखी केली. नवे वीस मोजून कमरेच्या पिशवीत घातले, पिशवीची नाडी ओढून बांधली. चार पावलं गेली, आणि नाडी पुन्हा ओढून पाहिली.